बटण दाबलं की मी उठतो

मित्रांनो, इंजिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे आगगाडी उभी राहते, हे मला ठाऊक आहे. ती मी नव्हे. मी होडीच्या मागच्या फळीला लटकणारं, अर्धं पाण्यात आणि अर्धं हवेत राहणारं, दोरी ओढून सुरू करायचं एक म्हातारं इंजिन आहे. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात माझा मुक्काम असतो. गावातली माणसं मला ‘इंजान’ म्हणतात. माझे मालक सयाजी आबा फौजेतून पेन्शनवर आलेले. ते मला ‘ओबीएम’, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात, कारण फौजेत म्हणे असंच म्हणतात. मला दोन्ही नावं चालतात. हाक मारणारा प्रेमाचा असला म्हणजे झालं.

आज मी गोष्ट सांगायला बसलोय ती रडगाणं गायला नव्हे. मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत, आणि त्यांच्याशी मला बोलता येत नाही. मी नुसता घरघरतो आणि धूर सोडतो. धुरातून आभार कसे मानायचे? म्हणून तुम्हांला सांगतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक इंजिन पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवून चालवून बघत. मी पहिल्याच दोरीला सुरू झालो, असं मला आठवतं. कदाचित दुसऱ्या असेल. म्हातारपणी माणूस स्वतःला थोडी सूट देतो, तशी मीही घेतो. डोक्यावर पांढरी टोपी, खाली लांबलचक पाय आणि पायाच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा, असं माझं रूप. पंखा सुलटा फिरला की होडी पुढे जाते, उलटा फिरला की मागे येते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मला होडीच्या फळीला दोन शिकंज्यांनी आवळलेलं असतं आणि मध्ये एक बिजागरी असते. उथळ पाणी आलं की त्या बिजागरीवर मला मागून उचलून आडवं करायचं, नाहीतर पंखा दगडावर आपटून त्याची पाती मोडतात. आणि माझं वजन साखरेच्या दीड पोत्याएवढं आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या वजनापायी काय काय झालं ते पुढे येईलच.

माझी पहिली नोकरी साताऱ्याच्या डोंगरात, कोयनेच्या धरणामागच्या पाण्यावर. काठावरच्या वाड्यांतली माणसं, शाळेचे गुरुजी, टपालाची थैली, आंब्याच्या पाट्या, सगळं माझ्या जोरावर पलीकडे जायचं. एकदा तर नवरी, नवरदेव आणि मानपानावरून रुसलेला व्याही असे तिघेही एकाच होडीत होते. पाण्याच्या मध्यावर पोचेपर्यंत व्याह्यांचा रुसवा गेला, कारण रुसून जाणार कुठे? तिथलं पाणी इतकं खोल, की मला उचलायची कधी वेळच आली नाही. त्यामुळे तरुणपणी माझी समजूत होती, की आपण फार हलके आहोत.

मग मोठी, नवी इंजिनं आली. मला काढून एका गोदामात टाकलं आणि तिथून मी कोरेगावच्या एका भंगारवाल्याकडे गेलो. वर मोडकी सायकल, खाली फुटका बंब आणि मध्ये मी. माझ्या टोपीच्या आडोशाला एका कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली. तुम्ही हसाल, पण त्या कोंबडीचा मला फार आधार वाटायचा. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

त्याच सुमाराला सयाजी आबा भाचीच्या लग्नाला कोरेगावला आले. नदीवर पूल बांधणाऱ्या पलटणीत त्यांची सगळी नोकरी झालेली. अक्षतांना वेळ आहे म्हणून चहाला बाहेर पडले आणि भंगाराच्या दुकानापाशी थबकले.

“आरं, ही तर ओबीएम!” ते ओरडले. कोंबडीला त्यांनी अलगद बाजूला केलं आणि माझी दोरी ओढून बघितली. मी तसूभरही हललो नाही. आतून गंजून घट्ट झालो होतो. “जाम झालायस व्हय, गड्या?” माझ्या टोपीवर थाप मारत ते म्हणाले. “हरकत न्हाई. फौजंत जाम झालेली माणसंबी चालू करत्यात.”

त्या दिवशी सांगलीकडे परतणाऱ्या वऱ्हाडाच्या टेम्पोत मधोमध मी होतो आणि भोवती पाय आखडून बसलेले पाहुणे होते. “आहेर द्यायला गेला आन् आहेर घिऊन आला,” असं एक म्हातारी कराडपर्यंत पुटपुटत होती. आबांनी मला घरी नेऊन नटन् नट सोडवला, रॉकेलने धुतला, पुन्हा जोडला. मित्रांनो, मला दुसरा जन्म त्या अंगणात मिळाला. पहिले आभार आबांचे.

आमचं गाव नदीच्या एका काठाला आणि गावाची निम्मी शेतं दुसऱ्या काठाला. पूल आहे, पण त्याला लांबचा वळसा पडतो. म्हणून ग्रामपंचायतीची होडी आणि आबांचं इंजिन अशी आमची जोडी जमली. सकाळी भांगलणीच्या बाया, दुपारी त्यांच्या भाकरी घेऊन येणारी माणसं, संध्याकाळी चाऱ्याचे भारे. गंमत म्हणजे मी ज्या कोयनेच्या पाण्यावर तरुण झालो, तेच पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि आमच्या गावावरून जातं. वर पाणी सोडलं की आमची नदी चढते, बंद केलं की उतरते. आणि उतरली की पलीकडच्या काठाचा खडक उघडा पडतो.

त्या खडकापाशी प्रत्येक खेपेला मला उचलावं लागायचं. आबा वाकायचे, माझ्या टोपीमागची कडा दोन्ही हातांनी धरायचे आणि “हय्या!” म्हणून मला पाण्याबाहेर घ्यायचे. परतताना पुन्हा खाली सोडायचे. वर्षामागून वर्षं त्यांनी हे केलं आणि मला एकदाही दगड लागू दिला नाही. शेवटी त्यांचा उजवा खांदा गेला. शर्टाच्या बाहीत हात घालायलाही दुसऱ्याची मदत लागू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, इथून पुढे वजन उचलायचं नाही.

आबांचा मुलगा जयराज फौजेत, दूर सीमेवर. घरी सून क्रांती. इकडे सून सासऱ्याला मामा म्हणते, तशी तीही आबांना मामाच म्हणायची. क्रांतीचं माहेरही नदीकाठचं, त्यामुळे पाण्याची भीती तिला माहीतच नव्हती. खांदा गेल्यावर आबा माझ्या शेजारी बसायचे आणि होडी वळवायचा माझा दांडा क्रांती धरायची. थंडीत मला किती चोक लागतो, ऊन झालं की माझं काय बिनसतं, धार कुठे जोरात आहे आणि कुठे मऊ, हे सगळं तिने महिन्याभरात ओळखलं. मी पुष्कळ हातांखाली चाललोय. तिच्याइतका शांत हात मला आठवत नाही.

पण मला उचलणं तिला जमेना. म्हणजे एकदोनदा जमलं, पण त्यासाठी तिला दांडा सोडून, फळीला पाय देऊन मागे रेलावं लागायचं. तेवढ्यात होडी धारेत आडवी फिरायची. एकदा अशीच होडी कलली आणि आत बसलेल्या शालूबाईंनी इतक्या मोठ्याने बोंब ठोकली, की दोन्ही काठांची कुत्री भुंकायला लागली. शालूबाई म्हणजे पलीकडच्या मळ्यात रोज कामाला जाणारी, सत्तरी ओलांडलेली, आणि गावात कुणाच्याच बापाला न भिणारी बाई.

ती बोंब सरपंच उदयसिंहांच्या कानावर गेली. माणूस वाईट नव्हता, पण सावध होता. तो आबांच्या अंगणात येऊन बसला.

“क्रांतीवहिनी, तुमी हुशार हाईसा, त्यात शंका न्हाई,” तो म्हणाला. “पर इंजान उचलताना होडी उलटली आन् कुणाचं काय झालं, तर गावाला मी काय तोंड दावू? पाडव्यापस्नं होडी बंद करूया. आबा, तुमी इंजान इकून टाका.”

माझ्या वयाच्या इंजिनाला कोण विकत घेणार? पुन्हा भंगार, पुन्हा मोडकी सायकल. मला तर ती कोंबडीसुद्धा दिसायला लागली. पण क्रांतीचा चेहरा बघितला आणि मला माझं दुःख लहान वाटलं. सरपंच गेल्यावर ती म्हणाली, “मामा, लगीन हून ह्या घरात आल्यापस्नं मला मनापासनं आवडलेलं काम म्हंजी ही होडी. चालवाया मला येतंय. उचलाया तेवढं येत न्हाई. मग उचलायचं काम दुसऱ्या कुणालातरी लावा की. मला कशापायी घरी बशिवतासा?”

आबांनी आपला दुखरा खांदा चोळला. मग म्हणाले, “फौजंत नव्या ओबीएमला बटण असतंय. दाबलं की आपली आपण वर. पर आपली ही म्हातारी. हिला कुठलं बटण?”

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर एक ट्रॉली मुरूम ओतत होती. ट्रॅक्टरवाल्याने दांडा ओढला आणि सगळी ट्रॉली मुरमासकट निमूटपणे वर उठली. क्रांती डोक्यावरची घागर तशीच धरून बघत उभी राहिली. घरी येऊन तिने एवढंच विचारलं, “मामा, मुरूम भरलेली ट्रॉली उठती, मग इंजान का न्हाई उठायचं?”

झालं, निघालो आम्ही भरतेशकडे. सांगलीच्या अलीकडे रस्त्यालगत त्याचं वर्कशॉप आहे. उसाच्या आणि मुरमाच्या ट्रॉल्या तेलाच्या दाबावर वर उचलणारे जॅक दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. घर जैनांचं. घरी जसं पाणी गाळून पितात, तसं हा जॅकमध्ये घालायचं तेलसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळून घेतो. त्यामुळे त्याने दुरुस्त केलेला जॅक लवकर खराब होत नाही, असं ट्रॅक्टरवाले म्हणतात.

“आबा, माज्याकडं आजवर ट्रॉल्या आल्या,” मला बघून तो हसला. “जहाज पयल्यांदाच आलं बगा.”

पण त्याने माझी थट्टा फार वेळ केली नाही. पायापासून टोपीपर्यंत हात फिरवून बघितला. साखर कारखान्याच्या गोदामात पोती उचलणाऱ्या गाडीचा एक पंप त्याच्याकडे पडून होता, बॅटरीवर चालणारा. छोट्या ट्रॉलीचा एक जॅक होता. माझ्या दोन शिकंज्यांच्या मधल्या जागेत तो जॅक बसवायचा, बॅटरी फळीखाली ठेवायची आणि माझ्या दांड्यावर बटण लावायचं, असं ठरलं. त्यासाठी माझ्या जुन्या अंगाला भोकं पाडावी लागली. ड्रिलची मला भीती वाटली, हे लपवत नाही. त्यात दिवस मावळायच्या आत भरतेश जेवायला निघून जायचा, कारण त्यांच्यात दिवस बुडाल्यावर जेवत नाहीत. मी मात्र अर्धं भोक पाडलेल्या अवस्थेत तो येण्याची वाट बघत लटकत असायचो.

जॅक बसवताना त्याला एक लोखंडी आकडा आड आला. तो जन्मापासून माझ्या अंगावर होता. भरतेशने तो काढून बाजूला टाकला. “वर जायाला त्याल, खाली यायला वजान,” तो म्हणाला. “ट्रॉलीचं गणित हाय हे. ह्यो आकडा आता नुसती अडगळ.” आबांनी मान डोलावली, क्रांतीने मान डोलावली. मला डोलवायला मान असती तर मी आडवी हलवली असती. पण मला ती नाही.

निघताना त्याच्या वर्कशॉपमधल्या पेंटरने ट्रॉलीवर काढतात तशी फुलं माझ्या जॅकवर काढली आणि खाली ‘हॉर्न द्या’ असं लिहिलं. सवयच ती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सरपंचांसमोर होडी चालवून दाखवायची ठरली. घाटावर निम्मं गाव जमलं. होडीत उदयसिंह, शालूबाई आणि आबा बसले. क्रांतीने दोरी ओढली, मी सुरू झालो. नदीच्या मध्यापर्यंत गेलो आणि तिने बटण दाबून दाखवलं. घर्रर्र असा आवाज झाला आणि मित्रांनो, मी उठलो. कुणी हात न लावता, कुणी “हय्या” न म्हणता, माझा मी वर आलो. काठावर टाळ्या पडल्या. पुन्हा बटण दाबलं, मी खाली बसलो. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही असतं, पण मी आधीच अर्धा पाण्यात होतो.

पलीकडचा काठ जवळ आला. वरून पाणी सोडलेलं असल्याने खडक बुडालेला होता आणि धारेला जोर होता. अशा वेळी होडी थांबवायची तर पंखा उलटा फिरवावा लागतो. क्रांतीने नेहमीप्रमाणे उलटा गिअर टाकला आणि मी एकदम पाण्याबाहेर फेकला गेलो.

का, ते सांगतो. पंखा उलटा फिरला की तो होडीला मागे ओढतो, आणि त्याच जोरात माझा पाय मागे झुगारून वर फेकतो. तसं होऊ नये म्हणून मला खाली धरून ठेवायला तो आकडा असतो. ट्रॉलीच्या जॅकला फक्त वर ढकलणं ठाऊक. खाली धरून ठेवणं त्याच्या गावीच नाही.

पंखा हवेत किंचाळायला लागला. त्याने उडवलेलं पाणी उदयसिंहांच्या पांढऱ्या कपड्यांवर डोक्यापासून पायापर्यंत बसलं. होडी थांबलीच नाही, ती तशीच काठाच्या चिखलात जाऊन घुसली. शालूबाईंच्या डोक्यावरची पाटी भाकरी-झुणक्यासकट नदीत गेली आणि शालूबाई चिखलात बसल्या. कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. क्रांतीने आधी माझा आवाज बंद केला, मग एकेकाला हात देऊन उतरवलं.

उदयसिंह रागावलाही नाही. तोंड पुसत म्हणाला, “वहिनी, आता ह्यात माणसं बसवायची न्हाईत. बंद.”

त्या संध्याकाळी आबांच्या अंगणात सगळे माझ्याभोवती बसले होते. भरतेश निरोप मिळताच आला होता. जेवायची वेळ टळत होती तरी तो उठला नाही. आबाच आधी बोलले. “फौजंत पयल्या दिशी शिकिवलंय मला. रिवर्स लॉक, म्हंजी त्योच आकडा. आन् मीच इसारलो.”

“न्हाई आबा, चूक माजी,” भरतेश म्हणाला. “ट्रॉली कवा उलटी पवत न्हाई, म्हणून माज्या डोसक्यातच आलं न्हाई.”

हे ऐकून क्रांतीला एकदम हसू फुटलं. दिवसभराचं रडू तिने दाबून धरलं होतं, ते त्या हसण्यातून बाहेर आलं. हसताहसता डोळे पुसत ती म्हणाली, “मग आता उलटं पवणारं कायतरी बघा की, भरतेशदादा.”

आणि त्याने बघितलं. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला एक छोटा जॅक असतो, तो दोन्ही बाजूंनी तेलावर चालतो. चाक डावीकडेही ढकलायचं आणि उजवीकडेही. वर ढकलणारं तेल एका अंगाला, खाली धरून ठेवणारं तेल दुसऱ्या अंगाला. मिरजेच्या भंगारातून त्याने तसा जॅक आणला, दोन्हीकडे फिरणारा पंप मिळवला, आणि आबांच्या सांगण्यावरून मध्ये एक वॉल्व्ह टाकला. पाण्यातला ओंडका आपटला तर त्या वॉल्व्हमधून तेल निसटतं आणि मी मोडायच्या ऐवजी अलगद वर होतो. या वेळी भरतेशने सगळं काम नदीकाठी बसून केलं. तेल गाळायचं फडकं क्रांतीने दोन्ही बाजूंनी धरलं होतं. काम झाल्यावर तिने माझ्या पायाला दोर बांधला आणि सगळ्या ताकदीने मला वर ओढून बघितलं. मी जागचा हललो नाही. मग तिने बटण दाबलं आणि मी लगेच उठलो.

पण गावाचा विश्वास कुठल्या भंगारात मिळणार? सरपंचांची बंदी होतीच. क्रांती होडीत माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवायची आणि रोज सकाळी पलीकडे जाऊन यायची. आबा काठावरून फौजी आवाजात हुकूम सोडायचे, “रिवर्स मार! ठैर! पुन्यांदा!” मी उलटा फिरायचो, होडी थांबायची, मी जागच्या जागी राहायचो. लोक घाटावर कपडे धुताना बघायचे आणि मान वळवायचे. होडी वाळूच्या पोत्यांनी भरलेली आणि शेतावर जाणारी माणसं पुलाच्या लांब वाटेने चाललेली, असं किती दिवस चाललं.

एका सकाळी शालूबाई घाटावर आल्या. डोक्यावर नवी पाटी. त्या नीट होडीपाशी आल्या आणि एक पोतं पायाने सरकवून आत बसल्या.

“मावशी, सरपंचांची बंदी हाय,” क्रांती म्हणाली.

“बंदी माणसं न्यायची हाय. मी म्हातारी. मला कोण मोजतंय?” शालूबाई म्हणाल्या. “माजी पाटी बुडिवलीस न्हवं? मग आता ही कोरडी पोचीव. म्हंजी फिटलं.”

मित्रांनो, ज्या बाईचं सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं, ती सगळ्यात आधी होडीत बसली. मला तेव्हा घरघर करायचीही लाज वाटली. क्रांतीने दोरी ओढली. नदीत त्या दिवशीही जोर होता. काठ जवळ आला, तिने उलटा गिअर टाकला. जॅकने मला घट्ट धरलं, पंख्याने पाणी मागून पुढे लोटलं आणि होडी काठापासून हातभर अंतरावर सावकाश थांबली. शालूबाई पाटीला हात न लावता उतरल्या. मग घाटाकडे वळून त्यांनी जी हाळी दिली, ती मी जन्मात विसरणार नाही.

“आरं बगा रं! एक थेंब न्हाई लागला!”

परत येताना होडीत नुसती पोती होती, पण घाटावर माणसं होती. त्यांच्यात उदयसिंहही होता. त्यालाही पलीकडच्या रानात जायचं होतं. त्याने पायातलं काढून हातात घेतलं, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मधल्या फळीवर जाऊन बसला. बंदी उठली, हे गावाला त्याने तसं कळवलं.

त्या दिवसापासून आमची होडी सुखात चालली आहे. आता क्रांतीला माझ्याकडून आणखी एक काम करून घेता येतं. चाऱ्याचे भारे पुढे जास्त झाले की होडीचं नाक पाण्यात दबतं. तेव्हा ती चालत्या होडीत बटण थोडंसं दाबून माझा पाय जरा बाहेर कलवते, आणि नाक वर येऊन होडी सपाट पळते. बाया मागे दाटीने बसल्या तर मला जरा आत घेते. पूर्वी यासाठी होडी काठाला लावून माझी खीळ एका भोकातून काढून दुसऱ्यात घालावी लागायची. याला ट्रिम म्हणतात, असं आबा सांगतात. शालूबाई म्हणतात, “कायबी म्हना, बसल्यावर पोटातलं पानी हलत न्हाई.” खंडेनवमीला क्रांती मला हळदकुंकू लावते, झेंडूची माळ घालते आणि बॅटरीलाही एक फूल ठेवते. भरतेशचा फोन येतो, “तेल गाळूनच घातलंय न्हवं?”

आता शेवटची एक सकाळ सांगतो. पावसाळा सरला होता, नदी निवळली होती. आबा धुतलेला शर्ट घालून घाटावर आले आणि चार माणसांच्या मागे ओळीत उभे राहिले. एरवी ते माझ्या शेजारी, पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून बसायचे आणि सारं लक्ष माझ्याकडे ठेवायचे. त्या दिवशी त्यांचा नंबर आला तेव्हा ते क्रांतीला म्हणाले, “नावाडीणबाई, एका म्हाताऱ्याला पलीकडं सोडता का?”

“बसा की मामा,” क्रांती म्हणाली. “पर मागं न्हाई. फुडं बसा. फुडनं नदी चांगली दिसती.”

आबा पुढच्या फळीवर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. पलीकडचा खडक आला. क्रांतीने बटण दाबलं आणि माझा पंप घरघरला. त्या आवाजासरशी आबांचा दुखरा उजवा खांदा सवयीने किंचित वर झाला. तेवढ्यात मी पूर्ण उठलो होतो. त्यांचा खांदा हळूहळू सैल होऊन खाली आला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ते नदी बघत राहिले, आणि मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदाच निवांत बघितली.

मित्रांनो, मी आबांचा, क्रांतीचा, भरतेशचा आणि शालूबाईंचा ऋणी आहे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी रोज काहीतरी उचलत असेल. पाण्याची कळशी असेल, दळणाचा डबा असेल, आजारी माणूस असेल. ते माणूस “हय्या” सुद्धा म्हणत नसेल, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. त्याचा खांदा जायची वाट बघू नका. आजच त्याच्या जवळ जा आणि दुसरी बाजू धरा.